आठवड्याचे दोन तास

तिसरी ते पाचवीच्या मुलांना आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा गृहपाठ आणि पहिली-दुसरीच्या मुलांना अजिबात नाही. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या शालेय दप्तर धोरणात हे इतक्या स्वच्छ शब्दांत लिहिलेलं आहे. शाळेचा आठवडा सहा दिवसांचा धरला तर रोजची वीस मिनिटं होतात, तीही सगळ्या विषयांची मिळून. चौथीतलं मूल संध्याकाळी सहाला वही उघडून आठपर्यंत मान वर काढत नाही, अशा घरांत हा आकडा कोणी थट्टेत सांगितला असावा असंच वाटेल.

पहिली-दुसरीच्या मुलांनी घरून आणायच्या त्या गप्पा. काल संध्याकाळी काय खेळलो, काय जेवलो हे त्यांनी वर्गात सांगावं, असं हे धोरण सुचवतं. या दोन इयत्तांना गृहपाठ नको, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयानं २०१८ मध्येच दिला होता. त्याच वर्षी केंद्रानंही तशा सूचना राज्यांना पाठवल्या आणि पहिली-दुसरीच्या दप्तराला दीड किलोची मर्यादा घातली. दप्तराच्या ओझ्याबद्दल मात्र आपण फार आधीपासून बोलतो आहोत. यशपाल समितीचा अहवाल १९९३ चा. महाराष्ट्रानं २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घालून पाहिली आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला. वजनकाट्यावर दप्तर ठेवता येतं, म्हणून त्याच्या बातम्या होतात. गृहपाठाची मिनिटं मोजायला कोणी बसत नाही. ती घरच्यांनीच एकदा आठवडाभर मोजावीत. कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत एक आकडा लिहायचा, बस्स. शाळेशी बोलायची वेळ आली तर ‘फार अभ्यास देता हो’ या तक्रारीपेक्षा ते सहा आकडे जास्त उपयोगी पडतात.

गृहपाठ कमी म्हणजे शिकणं कमी, हा हिशेब या वयात जुळत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर यांनी गृहपाठावर झालेले अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. वरच्या वर्गांत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध दिसतो, खालच्या वर्गांत तो जेमतेम सापडतो, असं त्यांच्या पाहणीत दिसलं. तिकडे इयत्तेला दहानं गुणून रोजची मिनिटं ठरवण्याचा ठोकताळाही आहे, म्हणजे चौथीला चाळीस मिनिटं. आपल्या धोरणानं त्याहूनही हात आखडता घेतला आहे, आणि ते बरंच केलं म्हणायचं.

मग एवढ्याशा गृहपाठाचं करायचं काय? वर्गात समजलेलं मुलाला एकट्याला, बाई शेजारी नसताना, जमतं का हे दाखवण्याचं काम तो चोख करतो. या कामात घरातूनच खोडा कसा बसतो, हे एका गणितावरून पाहता येईल.

गणित साधं आहे, ५२ वजा २७. वहीत उत्तर आहे ३५. आई खोडरबर घेते, ३५ चे २५ होतात आणि वही दप्तरात जाते. दुसऱ्या दिवशी बाई बरोबरची खूण करतात आणि वर्ग पुढे सरकतो. आता ते ३५ आलं कुठून? दशकाच्या घरात पाचातून दोन गेले, राहिले तीन. एककाच्या घरात वर दोन आणि खाली सात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलानं सातातून दोन काढले, राहिले पाच. यात निष्काळजीपणा कुठेच नाही. ‘मोठ्यातून लहान काढायचं’ हे त्यानं पहिल्या दिवसापासून ऐकलं आहे आणि ते इमानानं पाळलं आहे. अनुभवी शिक्षिकेला ३५ दिसताक्षणी कळतं की याला दशक सुटा करणं उमगलेलं नाही. ती त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवते आणि सत्तावीस काड्या मागते. सात सुट्या काड्या द्यायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो, आणि तो सोडताना मुलाला जे कळतं ते फळ्यावरच्या दहा उदाहरणांनी कळत नाही. उत्तर ७९ असतं, तर मुलानं वजाबाकीचं चिन्ह पाहिलंच नाही एवढाच त्याचा अर्थ. २४ किंवा २६ असतं, तर बोटं मोजताना एक इकडेतिकडे झाला. प्रत्येक चुकीचा उपाय वेगळा. खोडून लिहिलेले २५ पाहून मात्र शिक्षिकेला काहीच कळत नाही.

म्हणून पालकांनी चूक दिसली तरी ती वहीत राहू द्यावी. फार तर शेजारी पेन्सिलनं बारीक ठिपका द्यावा आणि मुलाला एवढंच विचारावं, ‘हे कसं केलंस ते सांग बघू.’ निम्म्या वेळा सांगता सांगता मुलाचीच चूक त्याच्या लक्षात येते. उरलेल्या वेळी वही जशीच्या तशी शाळेत जाऊ द्यावी. अक्षराचंही तेच. पान फाडून पुन्हा लिहायला लावण्यात वीस मिनिटांतली पंधरा खर्ची पडतात आणि हाताशी फक्त एक सुबक पान लागतं.

घरची रीत आणि शाळेची रीत वेगळी असली की आणखी एक गोंधळ उडतो. अनेक आजी-आजोबांनी हीच वजाबाकी ‘वर दहा, खाली एक’ अशी शिकलेली असते: बारातून सात गेले पाच, हातचा एक खालच्या दोनात मिळवून तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर अचूक येतं. पण ज्या मुलाच्या डोळ्यांसमोर आत्ता कुठे सुटलेला गठ्ठा आहे, त्याला हा खाली मिळवलेला एक कुठून उगवला ते कळत नाही. आजोबांची रीत महिनाभरानं जरूर दाखवावी, गंमत म्हणून. तोवर ‘बाईंनी कसं सांगितलं ते मला शिकव’ म्हणावं. मुलांना आजोबांचा मास्तर होणं फार आवडतं.

गृहपाठ रोज द्यायचा की आठवड्याचा एकदम, याबद्दल शिक्षकांत दोन मतं आहेत. सोमवारी एक पान देऊन शुक्रवारी ते मागितलं, तर घरच्यांना सवड मिळते. कामाची पाळी बदलली, पाहुणे आले, जत्रा निघाली तरी एखादा दिवस मागेपुढे करता येतो. शिक्षकांनाही वह्या तपासायला एक ठरलेला दिवस मिळतो. फक्त एक धोका आहे: गुरुवारी रात्री नऊला सगळं पान एका दमात उरकलं जातं. थोडंथोडं, मध्ये अंतर ठेवून केलेला सराव जास्त टिकतो, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं आणि नंतरच्या संशोधनानं ते वारंवार खरं ठरलं. तेव्हा पान आठवड्याचं असलं तरी त्यावर वारांच्या चौकटी छापलेल्या हव्यात.

शब्दांच्या यादीचं उदाहरण घेऊ. तिसरीच्या वर्गात रकाराची रूपं चालली आहेत. आठवड्याचे आठ शब्द आहेत: प्रकाश, ग्रह, सूर्य, गर्दी, राष्ट्र, ट्रक, दऱ्या, पायऱ्या. नेहमीचा गृहपाठ असतो ‘प्रत्येक शब्द पाच वेळा लिहा’. हे काम मुलं प्रत्यक्षात कसं करतात ते कोणी शेजारी बसून पाहावं. आधी एकाखाली एक पाच ‘प्र’, मग त्या प्रत्येकापुढे ‘का’, मग खालपर्यंत ‘श’. वही भरते, शब्द एकदाही लिहिला जात नाही. त्याऐवजी सोमवारी आठही शब्द नुसते मोठ्यानं वाचायचे आणि त्यांतल्या तिनांची वाक्यं तोंडी करायची. मंगळवारी पहिले चार: शब्द पाहायचा, हातानं झाकायचा, आठवून लिहायचा, हात काढून ताडून पाहायचा. बुधवारी उरलेले चार. गुरुवारी फक्त चुकलेले. शुक्रवारी वर्गात श्रुतलेखन, आणि त्यात तीन आठवड्यांपूर्वीच्या यादीतले दोन शब्द न सांगता घुसवलेले. वाचत बसण्यापेक्षा आठवून पाहण्यानं जास्त लक्षात राहतं, हे रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं आहे. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणवून घेणाऱ्यांचाही सगळा भर पुस्तक मिटून आठवण्यावरच होता.

या शब्दांना रोज पाच-सात मिनिटं पुरतात. गणिताची चार उदाहरणं एक दिवसाआड द्यावीत. त्यांतली तीन या आठवड्याची आणि एक मागच्या महिन्यातलं असावं. शनिवार मोकळा ठेवावा. राज्यात २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू झाला आहे. सकाळी खेळ, गाणी, गोष्टी करायच्या आणि रविवारसाठी दोन पानं लिखाण द्यायचं, याला आनंददायी म्हणणं कठीण आहे.

रोज न चुकता एकच गोष्ट करायची झाली तर ती दहा मिनिटांचं प्रकट वाचन असावी. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम २३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. ज्याला वाचता येत नाही त्याला परिसर अभ्यासाचा गृहपाठही जमणार नाही आणि गणितातलं शाब्दिक उदाहरणही. तेव्हा वेळ कमी असेल तर बाकीचं सोडावं, वाचन सोडू नये.

वाचताना मूल अडलं की मोठ्यांची जीभ लगेच शिवशिवते. मनात तीनपर्यंत मोजावं. तरी जमलं नाही तर शब्द सांगून टाकावा आणि पुढे जाऊ द्यावं. प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबवून उजळणी घेतली तर गोष्ट हातची जाते. आईला किंवा आजीला स्वतःला वाचता येत नसेल तरी काही बिघडत नाही. मुलानं वाचायचं, तिनं ऐकायचं आणि पान संपलं की ‘मग त्या कोल्ह्याचं काय झालं?’ एवढं विचारायचं. उत्तर आलं तर मुलाला वाचलेलं कळलं. नुसती अक्षरं उच्चारणाऱ्या मुलाला ते देता येत नाही, आणि हा फरक ओळखायला साक्षर असावं लागत नाही. वाचायला काय, हा प्रश्न आता उरलेला नाही. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या मिळतात. तेही नसेल तर एसटी स्टँडवरचा फलक, लाइट बिल, किराणा सामानाची यादी आहेच.

आता प्रकल्पांविषयी. रात्री साडेनऊला पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘उद्याच्या प्रोजेक्टला काय काय लागणार आहे?’ असा प्रश्न पडला, की तो प्रकल्प मुलांचा राहिलेला नाही हे नक्की समजावं. स्टेशनरीच्या दुकानात पाळीव प्राणी, वाहतुकीची साधनं, थोर नेते अशा चित्रांचे तक्ते मिळतात. ते कापायचे, चिकटवायचे आणि खाली नावं आईनं वळणदार अक्षरात लिहायची. हा सगळा खर्च आणि खटाटोप करून मूल कातरकाम शिकतं.

बालभारतीनं तिसरीच्या परिसर अभ्यासासाठी जिल्ह्याजिल्ह्याची वेगळी पुस्तकं काढली, त्यामागे एक शहाणा विचार होता. मुलाचा अभ्यास त्याच्या पायाखालच्या जमिनीपासून सुरू व्हावा. गृहपाठही तसाच देता येतो. आठवडी बाजारात कांदा, बटाटा आणि टोमॅटो यांचे भाव विचारून या आणि अर्धा किलोचे किती होतात ते सांगा. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला त्याच्या शाळेबद्दल तीन प्रश्न विचारा. आपल्या नळाचं, हापशाचं किंवा टँकरचं पाणी कुठून येतं ते शोधा. यांतल्या एकाही कामाला पैसे पडत नाहीत, नक्कल करता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तीस मुलांकडे तीस वेगळी उत्तरं असतात. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास असतो. गावाजवळ गड असेल तर त्याच्यावर पाणी कुठे साठवलं आहे ते पाहून येणं, हा चिकटवहीतल्या किल्ल्याच्या चित्राहून मोठा अभ्यास आहे.

वर्गात या सगळ्याचं काय होतं, त्यावर गृहपाठाचं भवितव्य ठरतं. दिलेला पण न पाहिलेला गृहपाठ तिसऱ्या आठवड्यात मरतो. शिक्षकांची अडचण खरी आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पटसंख्या साठपर्यंत असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, शिवाय पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं. अशा ठिकाणी रोज सगळ्या वह्या तपासण्याचा आग्रह धरू नये. रोज सात-आठ वह्या नीट पाहाव्यात आणि आठवड्यात सगळ्यांची पाळी यावी. तास सुरू होताना एकच प्रश्न टाकावा, ‘कालच्यातलं कुठलं गणित सगळ्यांत जड गेलं?’ ज्यावर जास्त हात वर होतील ते फळ्यावर सोडवावं. नुसत्या ‘छान’ किंवा ‘प्रगती हवी’ या शेऱ्यानं कुणाचंच भलं होत नाही. ‘गठ्ठा सोडायचा राहिला, ही दोन पुन्हा कर’ एवढी ओळ पुरते. साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या शाळांनी फरशीवर आखलेल्या आकृत्या आणि हाताशी ठेवलेल्या साहित्यातून मुलांना आपापलं शिकायला लावलं, आणि राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. जिथे वर्गातच मुलाच्या हाताला सराव मिळतो, तिथे घरी पाठवायला फारसं उरत नाही.

पालकांना सहसा माहीत नसतं ते हे, की महाराष्ट्रात २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्षभराच्या कामाचं वजन परीक्षेहून जास्त ठेवलं गेलं. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापन ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०. तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य, स्वाध्याय हे सगळं त्यात मोजायचं. तेव्हा सत्र परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात घरात जी धावपळ उडते, ती आकड्यांच्या हिशेबानंही फुकट आहे.

घरी कोणी नसलेल्या मुलांचं काय? ऊसतोडीला गेलेले आई-बाप, रात्रपाळीला जाणारे वडील, एका खोलीत सात माणसं. करोनाकाळात २०२० मध्ये राज्यात ‘स्वाध्याय’ उपक्रम सुरू झाला. दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर प्रश्न येत आणि मुलांनी घरबसल्या ते सोडवायचे. ज्या घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कामावर, तिथे तो प्रश्न रात्रीपर्यंत वाट पाहत राही. अशा मुलांसाठी गृहपाठाचा निकष कडक असावा: जे मुलाला कुणाच्याही मदतीशिवाय, वही-पेन्सिल एवढ्याच सामानावर करता येणार नाही, ते घरी देऊच नये. शाळा सुटायच्या आधीची पंधरा मिनिटं वर्गातच अभ्यासाला दिली, दोघं-दोघं बसवली, तर निम्मा प्रश्न सुटतो.

आणि गृहपाठ झाला नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभं करणं, मारणं, सगळ्यांसमोर टाकून बोलणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये बसत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना तिथे मनाई आहे. कलम २४ नुसार मुलाची प्रगती पालकांना नियमित भेटून सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे, आणि कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणी घेऊ देत नाही. बाहेरची शिकवणी लावायचीच असेल तर तिथे शाळेचा गृहपाठ ‘करून घेतला’ जात नाही ना, हे पालकांनी बघावं. नाहीतर खोडरबर आईच्या हातून शिकवणीच्या ताईंच्या हाती जातं, एवढाच फरक.

शाळेशी बोलायचं ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बोलता येतं. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि आठवड्याच्या गृहपाठाचं वेळापत्रक हा तिथे मांडण्याजोगा विषय आहे. कुठल्या वारी कुठला विषय एवढं जरी ठरलं, तरी एकाच दिवशी गणित, मराठी आणि इंग्रजी तिन्ही अंगावर येणं थांबतं.

बैठकीची वाट न पाहताही करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. गृहपाठाला बसताना घड्याळ पाहावं. पंचवीस मिनिटं झाली आणि काम उरलं, तर वही मिटावी आणि दैनंदिनीत मुलाच्या देखत लिहावं: ‘पंचवीस मिनिटं मन लावून बसली. चारपैकी तीन गणितं झाली. चौथ्यात हातच्यापाशी अडली. मदत केलेली नाही.’ खाली सही करावी. एखाद्या शाळेला सुरुवातीला हे आगाऊपणाचं वाटेल. पण ज्या शिक्षिकेला आठवडाभरात अशा पाच-सहा नोंदी एकाच गणितावर सापडतील, ती सोमवारी ते गणित काड्यांचे गठ्ठे काढून पुन्हा शिकवेल आणि पुढच्या पानावर तीनच उदाहरणं देईल.